ज्वारीची बिअर आणि सासूबाईंचा मुक्काम

माझ्या हातून आजवर एक थेंबही बिअर झालेली नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी ग्लास घेऊन जळगावात पिंप्राळ्याला यायला नको. जे काही झालं ते सगळं बिअरच्या अलीकडचं. धान्याला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचं आणि तो भरडा ठरावीक उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवायचा. मोडांमुळे आतल्या पिठाची साखर होते. याला मॅश म्हणतात. पुढे ते गोड पाणी गाळायचं, उकळायचं, यीस्ट सोडायचं आणि वाट बघायची. मी वाट बघण्यापर्यंत कधी पोचलोच नाही. माझा सगळा कारभार मॅशमध्येच अडकला.

सुरुवात मेहुण्याने केली. बायकोचा हा धाकटा भाऊ पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत कामाला आहे. दिवाळीत आला तेव्हा फराळ हाणून झाल्यावर पाय पसरून जवाच्या माल्टवर व्याख्यान देत बसला. मी सहज म्हणालो, जव कशाला, आपल्याकडे ज्वारी काय कमी आहे? तो हसला. म्हणाला, "दाजी, ज्वारीची जमत नाही. तुमचं काम नाही ते."

पहिलं वाक्य मी सोडून दिलं असतं. दुसरं झोंबलं. मी कितीतरी वर्षं एका बियाणे कंपनीत उगवण तपासतो. ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि त्यातले किती उगवले ते बघायचं, यावर माझं घर चाललंय. ज्वारीला मोड आणणं माझं काम नाही तर मग कोणाचं? मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की तुला ज्वारीची बिअर पाजली नाही तर नाव लावणार नाही. बायको म्हणाली, आधी चकल्यांचा डबा बंद करा, मऊ पडतील.

उन्हाळ्यात सासूबाई आल्या. त्या दरवर्षी यायच्या, बिबड्या करायला. खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागेल की बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. ज्वारी भिजवून आंबवायची, भरडायची, तिखट, मीठ, लसूण, तीळ घालून घट्ट शिजवायची आणि तो घाटा ओल्या फडक्यावर थापून कडक उन्हात वाळवायचा. सासूबाईंचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. लेकीला नोकरीपायी वेळ नाही आणि आमची गच्ची मोठी, म्हणून त्या इथे येऊन दोन्ही घरांच्या वर्षभराच्या बिबड्या करून जायच्या. रोज संध्याकाळी सासऱ्यांचा फोन यायचा, कधी येते म्हणून, आणि त्या वैतागल्याचं नाटक करायच्या.

त्याच हिवाळ्यात सासरे गेले होते. मेहुण्याने आईला पुण्याला नेलं, पण त्या गावी परतल्या. पुण्यात कोणाशी अहिराणीत भांडता येत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. गावी घरात एकट्याच. शेजारणीने माझ्या बायकोला फोनवर सांगितलं होतं की तुझी माय स्वयंपाकच करत नाही, चहा पिऊन दिवस काढते. तेव्हापासून बायकोच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आईने आमच्याकडे कायमचं राहावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तिने ते आईला सरळ विचारलंही.

"जवाईना घर कितला दिन ऱ्हावानं?" सासूबाई म्हणाल्या. "लोके काय म्हनतीन?"

त्यांच्या पिढीत लेकीच्या घरी नुसतं राहत नाहीत. काम असेल तर राहतात. बाळंतपण, आजारपण, लग्न, बिबड्या. काम संपलं की पिशवी भरायची. मीही त्यांना राहा म्हणालो. पण जावयाने राहा म्हणणं ही रीत झाली, ती मनावर घ्यायची नसते. त्यांनी ती घेतली नाही. उलट त्या वर्षी बिबड्या इतक्या झपाट्याने केल्या की शेवटची खेप वाळायच्या आत शिरपूरच्या गाडीची चौकशी सुरू झाली.

नेमकं त्याच रविवारी मी पहिला मॅश लावला. त्यामागे काही उदात्त हेतू नव्हता. ज्वारी तयार होती एवढंच. गोणपाटाखाली मोड आणले होते, वाळवून कोंब-मुळं चोळून पाखडून टाकली होती. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष असतं, हे खानदेशात गुरं पाळणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. गिरणीवाल्या नानांना भरड दळायला सांगितलं तर त्यांनी विचारलं, गाय व्याली का? मी हो म्हणालो. पिंप्राळ्यातल्या कॉलनीत गाय कुठून येणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

व्हिडिओत सांगितलं होतं पासष्ट अंश. मी पासष्टवर तासभर थर्मामीटर धरून उभा राहिलो. मग थेंबभर पाणी बशीत काढून त्यावर आयोडीन टाकलं. पीठ शिल्लक असेल तर आयोडीन निळंकाळं होतं, साखर झाली असेल तर तपकिरीच राहतं. माझं झालं शाईसारखं. मी चिडलो. चिडलो की मी गॅस मोठा करतो, हा माझा स्वभाव आहे आणि चहाच्या बाबतीत तो चालूनही जातो. इथे भांड्यातलं सगळं बघता बघता घट्ट झालं. पळी उभी राहिली ती राहिलीच.

सासूबाई मागून येऊन डोकावल्या. "हाऊ तं बिबड्यास्ना घाटा शे," त्या म्हणाल्या, आणि मी विज्ञान समजावून सांगेपर्यंत त्यांनी त्यात मीठ, तिखट, तीळ घालूनही टाकले. अन्न टाकून द्यायचं नाही. माझा मॅश ओल्या फडक्यांवर थापला जाऊन गच्चीवर गेला. शिरपूरची गाडी रद्द झाली, कारण बिबड्या वाळल्याशिवाय कोण जाणार?

वाळल्यावर त्यांनी एक तळून बघितली. तेलात पडताच ती काळी ठिक्कर. दुसरीही तशीच. तिसरी त्यांनी आच कमी करून तळली, ती आतून पांढरी न होता कोळसा होऊन वर आली. कारण सरळ होतं. अर्धवट का होईना, पिठाची साखर झाली होती आणि साखर तेलात करपणारच. पण सासूबाईंच्या हातची बिबडी आयुष्यात करपली नव्हती. त्या म्हणाल्या ज्वारी खराब आहे, मी म्हणालो तेल जुनं आहे. बायको म्हणाली दोघांची डोकी तपासून घ्या. आमचं दीड दिवस बोलणं बंद होतं. मग सासूबाईंनीच बायकोमार्फत निरोप पाठवला की पुढच्या वेळी काय करतात ते मला बघायचं आहे.

पुढच्या वेळी मी नवं तंत्र काढलं आणि ते जगात दुसऱ्या कोणी काढलेलं नसावं. विचार असा की परदेशातल्या लोकांना पाणी गरम ठेवायला विजेची भांडी लागतात, जळगावकराला कशाला लागतील? आपल्या गच्चीवर मे महिन्यात अनवाणी पाय ठेवून दाखवा. मी एक पत्र्याचा डबा बाहेरून काळा रंगवला, आत मॅश भरला, वर जुन्या शोकेसची काच ठेवली आणि डबा उन्हात मांडला. सासूबाईंनी त्याला दृष्ट लागू नये म्हणून वर एक मिरची ठेवली. ती त्यांनी चेष्टेने ठेवली होती की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही.

जळगावच्या उन्हावरचा माझा विश्वास मात्र फाजील निघाला. डबा तापला, पण जेवढा हवा तेवढा नाही. बिअर होऊ नये आणि आंबावं मात्र झकास, असा मधलाच तापमानाचा टप्पा त्याने गाठला. संध्याकाळी काच उचलली तेव्हा जो वास सुटला त्याने शेजारच्या अक्का बाहेर आल्या. अक्का म्हणजे आमच्या लागून घर असलेल्या निवृत्त शिक्षिका, कॉलनीच्या नाकाचं काम त्याच बघतात. त्यांनी आम्हाला विचारलं, तुमचा संडासाचा पाइप फुटला का? मी नाही म्हणालो. मग त्यांनी नगरसेवकाला फोन लावायला घेतला, तेव्हा सासूबाईंनी कंपाउंडच्या भिंतीवरून सगळं खरं सांगितलं. मॅश आम्ही कढीपत्त्याला घातला. कढीपत्त्याने चार दिवसांत सगळी पानं गाळली.

तिसऱ्या वेळी मी शहाणा झालो होतो. कमी तापलं की आंबतं, तेव्हा भरपूर तापवायचं. भरडा उकळत्या पाण्यातच टाकला. गोडवा नावालाही आला नाही. पुण्याला फोन केला तर मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही एन्झाइम मारले. सासूबाईंना हे कळलं नाही, तेव्हा मी समजावलं की मोडात एक चीज असते, ती पिठाची साखर करते, पण जास्त तापलं की मरते. मेली की मग काही केलं तरी उपयोग नाही, नवीन ज्वारी भिजत घालून पहिल्यापासून सगळं करावं लागतं. त्यांनी हे फार मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी अक्कांना भिंतीवरून तेच समजावत होत्या, आणि माझ्यापेक्षा बरं समजावत होत्या. घरात कोणी गॅस मोठा केला की त्या येऊन बारीक करायच्या. वरणसुद्धा आम्हाला तासाभराने मिळायला लागलं.

त्याहून मनावर घेतलं ते आयोडीन. ती बाटली त्यांनी पदराआड ठेवायला सुरुवात केली. बटाटा निळा, भाकरी निळी, भात निळा. केळं कच्चं असलं तर निळं, पिकलं की नाही, हा शोध त्यांनी स्वतः लावला आणि दिवसभर खूश होत्या. अक्का नातू पास झाला म्हणून पेढे घेऊन आल्या तर सासूबाईंनी पेढा तोंडात घालायच्या आधी त्यावर थेंब सोडला. पेढा निळाशार. "यामा पीठ शे," त्या अक्कांना शांतपणे म्हणाल्या. माझ्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. अक्का उठून गेल्या. आता हे भांडण वर्षभर पुरणार असं आम्ही धरून चाललो होतो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का हिंग, पनीर आणि दूध घेऊन दारात हजर, हेही बघा म्हणून. त्यानंतर दुपारी दोघींची प्रयोगशाळा आमच्या ओट्यावर भरायला लागली. सासूबाई दोन वेळा जेवत होत्या. मी एकदा ऑफिसातून लवकर आलो तर दोघी पोट धरून हसत होत्या, आणि मला बघून गप्प झाल्या. मला बरं वाटलं. थोडा रागही आला, कारण बशीत माझा महागातला ब्रेड निळा करून ठेवलेला होता.

दरम्यान माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मॅश बिघडला की बायको गोड काहीतरी करायची. मी हरलोय आणि ही शिरा परतते आहे. मी जाब विचारला. ती म्हणाली, माय काय म्हणते माहिताय? जवाईंचं हे काम झालं की मी जाते. अक्कांनाही तिने हेच सांगून ठेवलंय. जावयाला मदत लागते, म्हणून थांबले आहे. मी म्हणालो, मग मी काय मुद्दाम नापास होऊ? ती म्हणाली, मुद्दाम व्हायची तुम्हाला गरज पडत नाही.

हे मला लागलं. मी हट्टाला पेटलो. सासूबाई राहाव्यात असं मलाही वाटत होतं, अगदी खरं वाटत होतं. पण मेहुण्याने माझी जी लाज काढली होती ती माझ्या छातीवर बसली होती. मी शोधाशोध करून ज्वारीसाठीचं खरं तंत्र मिळवलं. भरडा आधी कोमट पाण्यात ठेवायचा, वरचं निवळ पाणी वेगळं काढून ठेवायचं, कारण ती चीज त्या पाण्यात उतरलेली असते. मग खालचा भरडा खुशाल शिजवायचा, निववायचा, आणि शेवटी ते काढलेलं पाणी परत घालून मंद आचेवर तासभर धरायचं. म्हणजे पीठही शिजतं आणि ती चीजही मरत नाही. चौथा मॅश असा लावला. ढवळायला सासूबाई, थर्मामीटरला मी. तासाने त्यांनी आयोडीन टाकलं आणि ते तपकिरीच राहिलं. मला नाचावंसं वाटत होतं.

मी मॅश गाळायला जुन्या धोतराची पिशवी शिवून घेतली होती. ती भरून वर उचलली आणि तिने तळातून दम सोडला. गोड, चिकट, गरम लापशी ओट्यावरून फ्रिजखाली, फ्रिजखालून हॉलमध्ये. पुढचे कितीतरी दिवस आमच्याकडे मुंग्यांचं लग्न होतं. चालताना चपला जमिनीला चिकटायच्या. पण मुंग्या आल्या म्हणजे साखर झाली होती, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो.

पाचव्या वेळी काही चुकायला जागाच नव्हती. तंत्र सापडलं होतं, गाळायला पक्की स्टीलची चाळणी आणली होती. ती रविवारची सकाळ होती. सासूबाई आंघोळ करून, पदर खोचून तयार होत्या. आज होणारच, त्या म्हणाल्या. मग शांतपणे म्हणाल्या की मंगळवारची गाडी बघून ठेवा. बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

आम्ही पाणी निवळू दिलं, वेगळं काढलं, भरडा शिजवला, निववला. वेगळं ठेवलेलं पाणी मी स्वतः परत ओतलं. थर्मामीटर बरोबर जागी. गॅस बारीक, अगदी दिवा ठेवावा तसा. आता तासभर कशालाही हात लावायचा नव्हता. मला धीर निघेना. मी गॅलरीत जाऊन पुण्याला फोन लावला आणि मेहुण्याला ऐकवायला सुरुवात केली. कोणाचं काम आहे आणि कोणाचं नाही, वगैरे. त्याने तोंड भरून कौतुक केलं, ते मी दोनदा करून घेतलं. फोन कानाला तसाच ठेवून मी आत आलो.

भांडं खदखदत होतं. गॅस पूर्ण मोठा होता. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, हातात पळी नव्हती, काही नव्हतं. मी धावत जाऊन गॅस बंद केला, थर्मामीटर बघितला, तो वरपर्यंत चढलेला. बशीत थेंब काढून आयोडीन टाकलं. काळंनिळं. माझं डोकं फिरलं. मी वळलो ते खेकसायलाच.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. भांड्याकडे बघत होत्या.

"मना हातथून गॅस मोठा व्हई गया," त्या म्हणाल्या. "समदं मरी गयं. आते परत भिजत घालनं पडी. आठ दिन तं लागतीनच."

ज्या बाईने महिनाभर घरात कोणाला गॅस मोठा करू दिला नव्हता, तिच्या हातून तो चुकून मोठा झाला नव्हता. नेमकं काय मरतं आणि मेल्यावर काय करावं लागतं, हे अख्ख्या कॉलनीत तिने समजावून सांगितलं होतं. तिला गावच्या त्या बंद घरात परत जायचं नव्हतं. राहू का असं विचारायची तिच्या जन्मात सोय नव्हती, म्हणून तिने जे येत होतं ते केलं. माझा राग कुठे गेला कळलं नाही.

फोनमधून मेहुणा विचारत होता, काय झालं दाजी, लागलं का? मी फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे त्यांनाही ऐकू यावं.

"नाही जमलं," मी म्हणालो. "तू म्हणत होतास तेच खरं. माझं काम नाही हे."

तो म्हणाला, मग सोडून द्या ना आता, किती दिवस करणार? मी म्हणालो, सोडणार नाही, जमेपर्यंत करणार, आणि मला काही हे लवकर जमेल असं वाटत नाही. आईंना मात्र इथे थांबावं लागेल, त्यांच्याशिवाय माझ्याने होत नाही.

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. मग त्यांनी कोठीतून ज्वारी काढली, परात पुढे ओढली आणि खडे निवडायला बसल्या.